नेत्रशल्यवैद्याची घडण : निवासी शिक्षणक्रमाचे स्वरूप

वैद्यकाच्या इतर शल्यशाखांहून नेत्रशल्यचिकित्सेचे शिक्षण एका बाबतीत निराळे आहे. उदरावरील वा अस्थीवरील शस्त्रक्रियेत मुख्य शल्यवैद्याच्या हाताशेजारी दुसऱ्याचा, तिसऱ्याचा हात चालू शकतो. शिकणारा प्रथम जखम उघडी धरतो, मग रक्तवाहिनी बांधतो, मग टाका घालतो आणि त्याच्या प्रत्येक हालचालीवर गुरूचा हात अक्षरशः टेकलेला असतो. डोळ्याच्या आत अशी सोय नाही. सुमारे २४ मिलिमीटर लांबीचा तो गोल; त्याच्या पुढील कप्प्याची खोली जेमतेम ३ मिलिमीटर. तेथे एका वेळी एकाच माणसाचे हात मावतात. शस्त्रक्रिया एक तर शिक्षक करीत असतो, नाही तर विद्यार्थी. दोघे मिळून ती करीत आहेत असे फार थोड्या क्षणांपुरतेच म्हणता येते. त्यातच रुग्ण बहुधा जागा असतो, आणि चूक झालीच तर तिची किंमत मोजणारा डोळा शिकणाऱ्याचा नसतो. अशा स्थितीत जबाबदारी क्रमाक्रमाने कशी सोपवावी, हा या शाखेच्या शिक्षणातील मूळ प्रश्न होय.

जबाबदारी क्रमाने सोपविण्याची कल्पना स्वतः फार जुनी नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी, जर्मन विद्यापीठांतील रीत डोळ्यांपुढे ठेवून, शल्यवैद्यांच्या निवासी शिक्षणाची पद्धती घातली. विद्यार्थ्याने रुग्णालयातच राहावे, वर्षागणिक त्याच्यावरील भार वाढत जावा आणि शेवटी तो स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागावा, अशी ती व्यवस्था. ‘निवासी’ हा शब्द तेव्हापासूनचा. नेत्रवैद्यकाने पुढचे पाऊल आणखी एका दृष्टीने लवकर टाकले: अमेरिकेत एखाद्या वैद्यकीय शाखेतील पात्रतेची परीक्षा घेणारे पहिले मंडळ स्थापन झाले ते १९१६ मध्ये, आणि ते नेत्रवैद्यकाचे होते.

भारताचा या इतिहासाशी संबंध वेगळ्या वाटेने येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील जालंधर येथे कर्नल हेन्री स्मिथ हे मोतीबिंदूच्या इतक्या शस्त्रक्रिया करीत, की अमेरिकेतून शल्यवैद्य त्यांच्याकडे शिकावयास येत. त्यांची, भिंग आवरणासकट दाबून बाहेर काढण्याची, पद्धती कधीच मागे पडली. परंतु रुग्णांची विपुलता हेच हात तयार करण्याचे साधन, ही समजूत मात्र त्या काळापासून टिकून आहे. तीत तथ्य आहे. तथापि ती अपुरी आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

भारतात एम.एस. अथवा डी.एन.बी. या पदव्यांसाठी नेत्रवैद्यकाचा निवासी शिक्षणक्रम तीन वर्षांचा आहे. एम.बी.बी.एस. झालेला विद्यार्थी प्रवेशपरीक्षेतून येतो, तेव्हा त्याला डोळ्याविषयी थोडेफार पुस्तकी ज्ञान असते. डोळ्यात पाहण्याचा अनुभव जवळजवळ नसतो. म्हणून पहिले वर्ष मुख्यतः पाहण्यास शिकण्याचे असते. ही गोष्ट बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. ज्या विषयाचे सारे शास्त्र दृष्टीभोवती फिरते, त्याच्या विद्यार्थ्याला प्रथम स्वतःची दृष्टी घडवावी लागते.

बाह्यरुग्ण विभागात त्याचा दिवस सहा मीटरांवरील तक्त्यापासून सुरू होतो. हा तक्ता हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे तो निरनिराळ्या लिप्यांत आला, निरक्षरांसाठी दिशा दाखविणाऱ्या चिन्हांचा झाला. तक्ता वाचून घेणे सोपे दिसते; पण म्हातारा रुग्ण दुसरा डोळा झाकताना बोटांच्या फटीतून पाहतो आहे काय, आधीच्या रुग्णाचे ऐकून अक्षरे पाठ झाली आहेत काय, हे ओळखण्यास काही आठवडे जातात. त्यानंतर येते रेटिनोस्कोपी, म्हणजे रुग्णाला काहीही न विचारता त्याच्या चष्म्याचा नंबर काढण्याची रीत. अंधाऱ्या खोलीत विद्यार्थी सुमारे दोन तृतीयांश मीटर अंतरावरून बाहुलीत प्रकाशाची रेघ सोडतो व ती हलवितो. आतून परतणारी तांबूस छाया रेघेबरोबर सरकते की उलट, हे पाहून तो एकेक भिंग पुढे धरीत जातो. छाया सरकेनाशी होऊन बाहुली एकदम उजळली, की नंबर हाती आला. त्यातून अंतराचा दीड डायॉप्टर वजा करावयाचा. मुलांच्या बाबतीत औषध घालून समायोजन थांबवूनच हे करावे लागते. हे कौशल्य शब्दांनी शिकविता येत नाही. शेकडो डोळ्यांवर हात चालविल्यावर एके दिवशी छाया ‘दिसू’ लागते, आणि मग ती आधी का दिसत नव्हती हे त्या विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. आता संगणकयुक्त यंत्र क्षणार्धात नंबर देते. म्हणून रेटिनोस्कोपीकडे दुर्लक्ष करण्याचा मोह नव्या पिढीला होतो. परंतु यंत्रासमोर स्थिर न बसणारे मूल, किंवा शंक्वाकार होत चाललेले स्वच्छमंडल, यांच्या बाबतीत छायेच्या चमत्कारिक हालचालीतूनच रोगाची पहिली सूचना मिळते.

स्लिट लॅम्पखालील तपासणी, डोळ्यातील दाब मोजणे, अश्रुमार्ग पिचकारीने धुऊन पाहणे, स्वच्छमंडलात रुतलेला लोखंडाचा कण काढणे ही कामे त्याच वर्षात अंगवळणी पडतात. सर्वांत चिवट असते ती जालपटलाची तपासणी. हेल्महोल्त्स यांच्या १८५१ मधील उपकरणाने जिवंत माणसाचे जालपटल प्रथम दृष्टीस पडले. पण निवासी विद्यार्थ्याला मुख्यतः शिकावे लागते ते डोक्यावर बांधावयाचे अप्रत्यक्ष उपकरण. हातातील वीस डायॉप्टरच्या भिंगातून जे चित्र दिसते ते वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे असे उलटलेले असते. जुन्या शिक्षकांनी यावर एक साधी युक्ती काढलेली आहे. रुग्णास आडवे निजवावे, कागद उलटा ठेवावा, आणि दिसेल तसे काढीत जावे; कागद सरळ केला की चित्र आपोआप खरे होते. जागेवर असलेले जालपटल तांबड्या, सुटलेले निळ्या आणि काचाभ द्रवातील अपारदर्शकता हिरव्या पेन्सिलीने दाखवावयाची. छायाचित्रे काढणारी यंत्रे आली असतानाही काही शिक्षक ही चित्रे काढावयास लावतात व त्यात त्यांचा दुराग्रह नाही. छायाचित्र न पाहताही काढता येते, रेखाचित्राच्या बाबतीत ती सवलत नसते.

शस्त्रक्रियेशी पहिला परिचय पापणीवरच्या गाठी, नेत्रश्लेष्मकलेवर वाढणारे मांसल पटल, अशा डोळ्याच्या बाहेरच्या कामातून होतो. डोळ्याभोवती बधिरतेची सुई देणे हेही बहुधा याच वेळी शिकावयाचे. आणि सुई गोलाच्या मागे, न दिसणाऱ्या जागी जात असल्याने, हे काम वाटते तितके गौण नव्हे. त्याच सुमारास प्रयोगशाळेत बकऱ्याच्या डोळ्यांवर सराव सुरू होतो. हे डोळे त्याच दिवशीचे असावे लागतात, कारण काही तासांत स्वच्छमंडल धुरकट होऊन आतील काही दिसेनासे होते. त्यांतील भिंगाचे आवरण वृद्ध माणसाच्या आवरणापेक्षा जाड व अधिक ताणले जाणारे असते. त्यामुळे तेथे जमलेला हात माणसाच्या डोळ्यात लगेच जमेल असे नाही. तरीही या सरावाचा एक मोठा लाभ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे एकीकडे, हात दुसरीकडे आणि पाय यंत्राच्या पायपट्टीवर, ही तिहेरी कसरत कोणाच्याही दृष्टीला धोका न पोचविता अंगात मुरते.

यानंतर मोतीबिंदू. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशी ओलांडलेल्यांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच आढळले. साहजिकच निवासी शिक्षणाचा कणा ही एक शस्त्रक्रिया आहे. तिचे दोन प्रकार प्रचलित आहेत. चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये पुढे आणलेल्या फेको पद्धतीत श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा गाभा फोडून सुमारे अडीच मिलिमीटरच्या छेदातून शोषून घेतात. दुसरी, लहान छेदाची हस्तकौशल्याची पद्धती; तीत श्वेतपटलात सहा-सात मिलिमीटरचे भुयार करून गाभा अखंड बाहेर काढतात, आणि भुयार आतील दाबाने आपोआप मिटत असल्याने टाका लागत नाही. दोहोंतही शेवटी कृत्रिम भिंग बसवावयाचे असते. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली ते प्रथम बसविले. मदुराईच्या अरविंद संस्थेशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून ते स्वस्तात तयार केल्यावर गरिबांपर्यंत पोचले. भारतात शासकीय रुग्णालयांत विद्यार्थी बहुधा दुसरी पद्धती आधी शिकतो. तिला महाग यंत्र लागत नाही आणि खेड्यातून उशिरा येणाऱ्या रुग्णाचा तपकिरी, दगडासारखा कठीण मोतीबिंदू तिला जुमानतो.

भुयार हा या शस्त्रक्रियेचा पाया आहे. चंद्रकोरीच्या आकाराचे पाते श्वेतपटलाच्या जाडीत सरकवीत स्वच्छमंडलापर्यंत न्यावयाचे. पाते उथळ गेले तर छताला भोक पडते. खोल गेले तर वेळेआधीच ते पुढील कप्प्यात घुसते आणि मग परितारिका जखमेतून बाहेर डोकावू लागते. योग्य खोलीवर असताना पात्याची कड श्वेतपटलातून अंधुक दिसत राहते. ती स्पष्ट दिसू लागली अथवा मुळीच दिसेनाशी झाली, की थांबावे, असे शिकविले जाते. पुढे भिंगाचे आवरण निळ्या रंगाने रंगवून त्याला गोल खिडकी पाडतात. तेथून गाभा पुढील कप्प्यात ओढून घेतात, आणि श्यान द्रवाच्या गादीवरून तो बाहेर काढतात. हा द्रव का हवा, हे विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी कळते. स्वच्छमंडलाच्या आतील पेशी एकदा खरवडल्या गेल्या की माणसात नव्याने उत्पन्न होत नाहीत. गाभा वर घासला असेल, तर पट्टी काढल्यावर स्वच्छमंडल सुजलेले व पांढुरके आढळते.

या पायऱ्या कोणत्या क्रमाने शिकवाव्या? सामान्य बुद्धीला वाटते, पहिलीपासून. अनुभवी शिक्षकांपैकी पुष्कळांची रीत उलटी आहे. विद्यार्थ्याला आधी शेवटची पायरी देतात: द्रव धुऊन काढणे, मग कृत्रिम भिंग बसविणे, मग उरलेला मऊ भाग शोषून घेणे, असे मागे मागे येत भुयार व आवरणाची खिडकी यांपाशी यावयाचे. याचे कारण सरळ आहे. प्रत्येक पायरीची सुकरता आधीच्या पायरीवर अवलंबून असते. आरंभ विद्यार्थ्याने केला, तर त्याची लहानशी चूक पुढे वाढत जाते व शिक्षकाला बिघडलेला डोळा हाती घ्यावा लागतो. शेवट विद्यार्थ्याने केला, तर त्याला मिळणारा डोळा उत्तम स्थितीत असतो आणि त्याची चूक तेथेच संपते. शिवाय त्याला चांगले भुयार कसे असते, हे स्वतः ते करण्यापूर्वी अनेकदा अनुभवास आलेले असते.

रुग्णाची निवड हा गुरूच्या विवेकाचा भाग आहे. ज्याचा दुसरा डोळा आधीच गेलेला आहे, ज्याची बाहुली औषधानेही मोठी होत नाही, ज्याच्या भिंगाला धरणारे तंतू सैल झाले आहेत, अशा रुग्णांपासून नवशिक्याला दूर ठेवतात. पण ही निवड झाली तरी एक गोष्ट उरतेच. शासकीय रुग्णालयाच्या टेबलावर जी वृद्धा निजलेली असते, ती पैसे मोजून शल्यवैद्य निवडू शकली असती तर तेथे आली नसती. शिक्षणाचा भार समाजाच्या एका थरावर अधिक पडतो, हे मान्य केल्यावाचून या विषयाची चर्चा प्रामाणिक होत नाही. शिकणारा वैद्य गुरूच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेत भाग घेईल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत आधी सांगितले पाहिजे. संमतिपत्रावर अंगठा उठविला म्हणजे ते सांगितले गेले, असे होत नाही.

रुग्ण जागा असल्याने शस्त्रक्रियागृहातील बोलणेही शिक्षणाचा विषय ठरते. ‘अरे, फाटले!’ हे शब्द टेबलावरच्या माणसाने ऐकता कामा नयेत. म्हणून प्रत्येक विभागात सौम्य शब्दांचा एक अलिखित कोश असतो. ‘छान चालले आहे, आता जरा जागा बदलू’ याचा खरा अर्थ, हात ताबडतोब थांबवून खुर्ची सोड, असा असू शकतो. हे सांकेतिक बोलणे शस्त्रक्रियेपूर्वी ठरविलेले नसेल तर गोंधळ होतो, आणि तो नेमका नको त्या क्षणी होतो.

तो क्षण बहुधा मागील आवरण फाटण्याचा असतो. काही मायक्रॉन जाडीचे हे आवरण पुढील कप्पा आणि काचाभ द्रव यांमधील एकमेव भिंत आहे. ते फाटले हे जाणवताच नवशिक्याची स्वाभाविक प्रेरणा उपकरण झटकन बाहेर ओढण्याची असते, आणि तीच सर्वांत घातक होय. उपकरण निघताच कप्प्यातील दाब उतरतो आणि काचाभ द्रव मागून फटीतून पुढे येऊन फट मोठी करतो. त्या वेळी हात आहे तेथेच स्थिर ठेवावा, दुसऱ्या हाताने बाजूच्या छिद्रातून श्यान द्रव भरून कप्पा फुगवावा, आणि मगच उपकरण हलके बाहेर काढावे. भीतीच्या क्षणी हात न हलविणे हे व्याख्यानाने साधत नाही. ते आधी कृत्रिम डोळ्यावर पुनःपुन्हा घडवून आणावे लागते.

याविषयी आता केवळ मतावर विसंबण्याचे कारण नाही. केनिया, टांझानिया, युगांडा व झिंबाब्वे येथील निवासी विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काहींना नेहमीच्या शिक्षणाखेरीज लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचा कृत्रिम डोळ्यांवरील पाच दिवसांचा सराव देण्यात आला. त्यानंतरच्या वर्षभरात सराव मिळालेल्यांनी ५३७ शस्त्रक्रिया केल्या व त्यांपैकी ४२ वेळा, म्हणजे ७.८ टक्के, मागील आवरण फाटले. सराव न मिळालेल्यांनी २०३ केल्या. त्यांत ते ५४ वेळा, म्हणजे २६.६ टक्के, फाटले. ब्रिटनमधील नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, संगणकीय सरावयंत्र मिळू लागल्यानंतरच्या काळात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हातून हा उपद्रव ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आल्याचे आढळले. आफ्रिकेतील आकड्यांत लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी, की सराव झालेल्यांच्या हाती शस्त्रक्रियाही अडीच पट सोपविल्या गेल्या. शिक्षकाचा विश्वास हाच शिकणाऱ्याला मिळणाऱ्या संधीचा उगम असतो, हे त्यावरून उघड होते.

संधीच्या बाबतीत भारतातील चित्र विषम आहे. एखाद्या मोठ्या संस्थेत विद्यार्थी तीन वर्षांत शेकडो शस्त्रक्रिया स्वतः करतो. दुसरीकडे तीच पदवी मिळविणारा विद्यार्थी साहाय्यक म्हणून पुष्कळ उभा राहतो, पण संपूर्ण शस्त्रक्रिया त्याच्या हातून फार थोड्या होतात. अमेरिकेत प्राथमिक वर्षानंतरच्या ३६ महिन्यांत मुख्य शल्यवैद्य या नात्याने मोतीबिंदूच्या किमान ८६ शस्त्रक्रिया आवश्यक ठरविलेल्या आहेत. इंग्लंडातील सात वर्षांच्या जुन्या शिक्षणक्रमात ३५० होत्या. असा आकडा पुरेसा नसतो. शंभर वेळा तीच चूक करणाराही शंभर पूर्ण करतोच. पण आकडाच नसेल, तर विद्यार्थ्याला मागण्यासाठी आधार राहत नाही आणि संस्थेला उत्तर देण्याची गरज भासत नाही.

आकड्याच्या जोडीला गुण पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेने शस्त्रक्रियावार मूल्यमापन-पत्रके तयार केली आहेत. प्रत्येक पायरीसाठी नवखा, आरंभक, प्रगत आरंभक व सक्षम अशा चार अवस्थांचे वर्णन तेथे शब्दांत दिलेले असते. ‘भुयार बरे झाले’ असा मोघम शेरा न देता छेदाची जागा, खोली व मिटण्याची क्षमता यांवर शिक्षकाला नेमके बोट ठेवावे लागते. पत्रक भरावयास थोडाच वेळ लागतो. परंतु यादीतील पुढचा रुग्ण टेबलावर येत असताना तेवढाही वेळ काढणारे शिक्षक विरळा.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावयाचे असते. प्रबंध, चार लेखी प्रश्नपत्रिका आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांनी शिक्षणक्रमाची सांगता होते. प्रात्यक्षिकात रुग्णाची तपासणी व निदान कसून पाहिले जाते. हाताची परीक्षा मात्र बव्हंशी विभागाच्या अंतर्गत निर्णयावर सोडलेली असते. म्हणूनच पदवीनंतर पुष्कळजण फेको किंवा जालपटलाची शस्त्रक्रिया शिकण्यासाठी मदुराई, चेन्नई, हैदराबाद येथील संस्थांत आणखी एक-दोन वर्षे घालवितात. ज्यांना ते परवडत नाही ते तालुक्याच्या गावी दवाखाना थाटतात, आणि त्यांचे उर्वरित शिक्षण तेथील रुग्णांवर, गुरूच्या अनुपस्थितीत, होते.

आणखी एक उणीव कमी बोलली जाते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढताना विद्यार्थी तेथे असतो. स्लिट लॅम्पखाली तो आपले काम पाहतो. पण जखम पूर्ण भरून चष्म्याचा नंबर स्थिरावतो तो चार ते सहा आठवड्यांनी. तोपर्यंत विद्यार्थ्याची नेमणूक काचबिंदूच्या किंवा बालरुग्णांच्या विभागात झालेली असते, आणि शिबिरातून आणलेला रुग्ण आपल्या गावी परतलेला असतो. भुयार किंचित तिरपे गेल्याने त्या डोळ्यात किती वक्रदृष्टी राहिली, हे ज्याने भुयार केले त्याला कधीच कळत नाही. काही विभागांत याकरिता प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने एक वही ठेवतात. सहाव्या आठवड्याला येणाऱ्या रुग्णाची दृष्टी व नंबर त्याच ओळीत, शस्त्रक्रियेच्या तारखेसमोर लिहिला जातो, आणि तो कोणीही तपासला असला तरी वही महिन्याअखेर त्या विद्यार्थ्यापुढे ठेवली जाते. जे रुग्ण परत आलेच नाहीत, त्यांच्यापुढील रकाना कोराच राहतो.